भिमाजीनानांची भाकितं

आमच्या अवसरीत मला तेजस्विनी कुणी म्हणत न्हाई. "काय इंडिया, कवा आलीस?" असंच इचारत्यात. जत्रंला यष्टीतून उतरले की पिशवी खाली ठेवायच्या आत चार जणांची तरी हाक येती. माझा नवरा सूरज डिंगोऱ्याचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला आला तवा त्यानं ती हाक ऐकली न् मला बाजूला घेऊन इचारलं, "ही काय भानगड?" म्हणलं, भानगड न्हाई राव, भाकीत हाये. खोटं ठरलेलं.

त्याचं असं झालं. मी आठवी-नववीत व्हते तवा बैलगाड्याच्या शर्यती कोर्टानं बंद ठेवल्या व्हत्या. शहरातली माणसं म्हणली असतील, बरं झालं. पण आमच्या गावातल्या बाप्यांचं काय झालं ते बघायला तुमी पायजे व्हता. शर्यतीचा घाट, म्हंजे गाडे पळायचा चढ, मोकळा पडलेला, बैल गोठ्यात बसून न् माणसं पारावर बसून. ओरडायला कायच न्हाई! मग घरात बायकांवर ओरडायला लागली, तर बायकांनीच त्यांना परत पारावर धाडली. नेमकं त्याच साली शाळंत खेळाचे नवीन सर आले न् त्यांनी पुण्यावरनं हॉकीच्या काठ्या आणल्या. पोरांना कबड्डीच पायजे व्हती, म्हणून काठ्या आमा पोरींच्या हाती लागल्या. पहिल्या मॅचला बघायला शाळंचा शिपाई न् दोन शेरडं. पुढच्या मॅचला अख्खा पार.

भिमाजीनाना त्या सगळ्यांचे म्होरके. खोंड नुसतं गोठ्यातून बाहेर निघालं तरी ते घाट किती सेकंदात चढंल ते नाना सांगायचे. म्हंजे असं नानाच सांगायचे. त्यांनी हॉकी म्हंजे काय ते कुणालाबी इचारलं न्हाई. एका रविवारी सरांचा डोळा चुकवून त्यांनी आमाला घाटाच्या तळाला उभं केलं. खाली एक जण निशाण घेऊन, वर नाना घड्याळ घेऊन. निशाण पडलं, नाना ओरडले, "भिर्रर्रर्र!" न् आमी सगळ्या पोरी काठ्या घेऊन चढावर पळत सुटलो. हसू येतंय आता, पण तवा जीव तोडून पळालो आमी.

मी सगळ्यांच्या आधी वर पोचले. नानांनी माझ्या डोक्यावर मूठभर भंडारा उधळला न् डिक्लेर केलं, "ही घाटाचा राजा! ही पोरगी इंडियाकडनं खेळणार. न्हाई खेळली तर भिमाजी नाव लावणार न्हाई." आमची गोलकीपर अंजना सगळ्यात मागनं आली, धापा टाकत. तिच्याकडं बघून नाना म्हणाले, "हिचं अवघड हाये. हिला गोलातच बसवा, तिथं पळायला लागत न्हाई." बाजारात तुरी न् भट भटणीला मारी, तशातली गत. पण गावानं ते सगळं खरं धरलं, न् सगळ्यात खरं धरलं ते माझ्या दादानं, भरतदादानं.

दादा माझ्याहून बराच मोठा. डेअरीला दूध घालायचा न् तसाच मला मोटारसायकलवर मागं बसवून मंचरच्या मैदानावर न्यायचा. तिथं आमची प्रॅक्टिस व्हायची, न् हा गाडीवर बसून राह्यचा. थंडीत तोंडाला मफलर गुंडाळून. मग येताना वडापाव. हे त्यानं सगळी शाळा व्हईस्तोवर केलं, एक दिवस कंटाळा केला न्हाई.

मग पिंपरीला राज्याच्या संघाची निवड व्हती. गावातनं दोन जीपा भरून माणसं आली, टोप्या घालून, शिट्ट्या घेऊन. आमचं मैदान मुरमाचं, तिथं चेंडू उड्या मारत आपल्या संगंच येतो. तिथलं टर्फ निळं, ओलं न् गुळगुळीत. कडेनं नाना वरडले, "पळ, पोरी, पळ!" न् मी जी सुटले ती थेट गोलापाशी. मागं वळून बघते तर चेंडू मैदानाच्या मधीच! निवडायला आलेल्या मॅडम हसत म्हणाल्या, "बाळा, पळायच्या शर्यती पलीकडच्या मैदानावर असतात." येताना जीपमधी जो तो माझ्या डोक्यावरनं हात फिरवत व्हता. अंजना मागच्या सीटवर पॅड मांडीवर घेऊन बसली व्हती. तिची निवड झालीय हे गावाला तिसऱ्या दिवशी कळालं, तेबी तिच्या आईनं पेढे वाटले म्हणून.

आता ती अंजना महाराष्ट्राकडनं खेळून रेल्वेत नोकरीला हाये. न् मी डिंगोऱ्यात सूरजसंगं टोमॅटोच्या रोपांची नर्सरी बघते. लई चांगली चालती नर्सरी. दसऱ्याला शेडनेट वाढवलंय.

यंदाच्या जत्रंला घाटावर गेले तर नाना लिंबाखाली अड्डा जमवून बसलेले. शर्यती आता परत सुरू झाल्यात, पण दोन बाऱ्यांच्या, म्हंजे गाड्यांच्या दोन फेऱ्यांच्या, मधल्या वेळात यांचा विषय अजून आमीच. कोण कुठं गेली, कोण काय झाली, कुणी काय म्हणलं व्हतं. नाना खुशाल सांगत व्हते, "अंजनीचं मी तवाच म्हणलो व्हतो. गोलातली पोरगी हिऱ्यावानी हाये, नजर बघा तिची!"

माझं टाळकंच सरकलं. "नाना, जत्रंच्या दिवशी तरी खरं बोला! 'हिचं अवघड हाये' कोण म्हणलं व्हतं?"

"ते व्हय? ते मी तिला जिद्द यावी म्हणून म्हणलो."

सगळा लिंब हसला. "न् मला इंडियाला धाडलं ते?"

"तू मनावर घेतलं न्हाईस," नाना म्हणाले. या माणसापुढं कुणाचं काय चालायचं! मलाबी हसू फुटलं. चहा मागवून घेतला न् तिथंच टेकले.

तेवढ्यात दादा आला. त्याची पोरगी श्रेया सातवीत हाये, तीबी हॉकी खेळती. तिची पुण्याच्या एका वसतिगृहात निवड झालीय. तिथंच राहायचं, तिथंच शाळा, दोन येळा खेळ. सोमवारी हो-न्हाई कळवायचं व्हतं न् दादा चार दिवस घुम्यासारखा फिरत व्हता. वैनी तयार, पोरगी तर कवाची तयार. ह्याचंच ठरंना.

नानांनी त्याला बघितलं न् न इचारताच सुरू केलं, "भरत, तुझी पोर तेजीच्या वरचढ हाये बघ! काल मैदानावर बघितली. पोराचे पाय पाळण्यात दिसत्यात. लिहून घे, ही इंडियाकडनं..."

दुसरा बाप असता तर फुलला असता. दादाचं तोंडच उतरलं. त्यानं मला खुणेनं बाजूला बोलावलं न् जीपा लावल्या व्हत्या तिकडं घेऊन गेला.

"ऐकलंस? परत तेच," तो म्हणाला. "मी त्यांचं ऐकणार न्हाई. तू खेळलीयस, तू सांग. खेळंल का ती इंडियाकडनं? तू हो म्हण, मी सोमवारी धाडतो. न्हाई म्हणलीस तर हितंच शिकंल."

आली का पंचाईत! मी आदल्या दिवशी श्रेयाला खेळताना बघितलं व्हतं. चांगली खेळती. चेंडू अडवायला घाबरत न्हाई, न् निसटला तर हसत त्याच्या मागं जाती. पण तिच्यासारख्या पोरी तालुक्यात आणखी हायेत, जिल्ह्यात तर पुष्कळ. एक 'हो' म्हणले असते तर पोरीचं काम झालं असतं. शब्द पार जिभेच्या टोकावर आला व्हता. पण हो म्हणले असते तर मी न् नाना एकाच माळंचे मणी झालो असतो. न् उद्या न्हाई खेळली तर हा पोरीला काय तोंड दाखवंल?

"न्हाई वाटत मला," मी म्हणाले.

दादानं मान हलवली. "झालं तर मग," म्हणाला न् निघालाच.

"झालं कसं? थांब! इचारलंस ते सांगितलं. पण तिला धाड तू."

"कशाला धाडू?" तो गर्रकन वळला. "तुला काय मिळालं ते सांग. गुडघा गेला, हनुवटीला टाके पडले. गावानं डोक्यावर घेतली न् खाली टाकली. ती इंडिया, इंडिया हाक ऐकली की अजून मला मान खाली घालावी वाटती."

"तुला माझी लाज वाटती?"

"तुझी न्हाई गं येडे. तुझ्यासाठी वाईट वाटतं. मीच रोज नेत व्हतो ना तुला."

एवढी वर्सं हा गडी हे पोटात घेऊन हिंडत व्हता न् मला पत्ता न्हाई! राग आला, लई राग आला, न् रडूबी आलं. "अरे, मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी आपल्यात टोमॅटोची तोडणी व्हती, तुला नासके टोमॅटो फेकून मारत व्हते मी, इसरलास?"

"मला वाटलं, उसनं अवसान आणतीयस."

"कसलं अवसान! दादा, मला मजा आली रे. लई मजा आली. गाडीवर तुझ्या पाठीमागं तोंड लपवून जायचं, मैदानावर पोचलं की बोटं पार बधिर. मग चेंडू काठीला नीट लागला की असा आवाज यायचा, तो अजून कानात हाये. रोपांना पाणी देताना मधीच हसते मी, सूरज म्हणतो येड लागलं. काय मिळालं म्हणतोस? खेळायला मिळालं! तेच मिळालं. मी निवडीत नापास झाले म्हणून ते कुणी काढून घेतलं का माझ्याकडनं?"

दादा जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राह्यला. वर घाटात बारी सुटली, आरडाओरडा झाला, पण त्यानं तिकडं बघितलंसुदीक न्हाई, न् हा माणूस एक बारी बघायची सोडायचा न्हाई कधी.

"डेअरीवरनं सरळ घरी यायचं असायचं," तो म्हणाला. "बाबा कावायचे, रानात कामं पडल्यात म्हणून. पण तू खेळायला लागलीस की मला तिथनं उठूच वाटायचं न्हाई. मलाबी हॉकीतलं काय कळत न्हाई, तेजे. तरी बसायचो."

"कशाला बसायचास मग?"

"बरं वाटायचं," तो म्हणाला.

त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं. मग इकडंतिकडं बघत, माझ्याकडं न बघता इचारलं, "त्या वसतिगृहात गादी असती का आपल्याला न्यायला लागती?"

"न्यायला लागती," मी म्हणाले. "न् पांघरूण जाड दे, पहाटं मैदानावर गार असतंय."

"ते मला म्हाईत हाये," दादा म्हणाला. मग आमी दोघं श्रेयाला सांगायला गर्दीत शिरलो.