राणीच्या गालावरचा हळदीचा कण

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. माझ्या डाव्या अंगाला हात लावून पाहा, प्लास्टिक फुटलेलं लागेल. मी पडलो नाही. मला आपटलं आहे.

मी हैदराबादच्या कोठी भागात, अरविंदच्या फोटो स्टुडिओत कामाला लागलो. लेन्सच्या मागे, माझ्या पोटात, सेन्सर नावाची नाजूक पट्टी आहे. फोटो तिच्यावरच उमटतो. म्हणून लेन्स बदलताना मी जीव मुठीत धरून असतो. अरविंद माणूस चांगला, पण भारी उतावळा.

बोनालू या देवीच्या सणाच्या मिरवणुकीत देवीचा भाऊ मानला जाणारा पोतराजू चाबूक फटकारत अंगावर आला. ढोल कानठळ्या बसवत होते, हळद उधळली जात होती. जवळचं टिपणारी लेन्स हवी म्हणून अरविंदने त्या धुरळ्यातच माझी लेन्स उपटली आणि माझं उघडं तोंड आभाळाकडे धरलं. हळद सरळ आत! वर त्याने तोंडाने फुंकर मारली. कण उडाला नाहीच, उलट थुंकीने चिकटून बसला. मला दात असते तर मी त्याला चावलो असतो.

दुसऱ्या दिवशी बरकतपुऱ्याची राणी स्थळासाठी फोटो काढायला आली. सोबत तिचा भाऊ शिवराज होता. त्याने बजावलं, "फोटो आहे तसा द्या. काही पुसायचं नक्को, मागून भानगड होते." अरविंदने घाईत नीट न बघताच फोटो स्टुडिओतूनच पुण्याला मुलाकडच्यांना पाठवला. हळदीचा कण पिवळा, पण सेन्सरवर त्याची सावली पडून फोटोत काळपट डाग उमटला होता आणि तो नेमका राणीच्या गालावर बसला होता.

संध्याकाळी मुलाच्या आईचा, सुनंदाबाईंचा शिवराजला फोन आला. मुलीच्या चेहऱ्यावरचा डाग तुम्ही आजवर लपवलात, असं म्हणत त्या त्याला नाही नाही ते बोलल्या. शिवराज तडक क्रिकेटची बॅट घेऊन स्टुडिओत घुसला.

"माझ्या बहिणीला डाग लावतो का बे?"

पहिला फटका काचेच्या कपाटावर, दुसरा अरविंदच्या तोंडावर. रक्ताची चूळ जमिनीवर पडली. मग मला पट्ट्याने गरगरा फिरवून त्याने भिंतीवर आपटलं. माझं अंग तडकलं. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

मागोमाग राणी धावत आली. "दादा, काय करायलास? मरेल की तो!" शिवराजने पुन्हा बॅट उचलली. तिचा गाल तर स्वच्छ होता, मग डाग आला कुठून ते बघायला तिने मला उचललं आणि खटका दाबला. मी जिवंत होतो.

तिने फोटो त्याच्यापुढे धरला. बॅट उगारलेल्या शिवराजच्या कपाळावर तोच डाग होता. मग तिने भिंतीचा फोटो काढला. भिंतीवरही तोच.

शिवराजची बॅट खाली आली. त्याने पुण्याला फोन लावला. सगळं ऐकून सुनंदाबाई म्हणाल्या, "अहो, मग काहीच हरकत नाही. पुढे बोलू या."

राणीने फोन घेतला. "काकू, माझी हरकत आहे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मित्रांनो, लेन्स बदलायची तर आडोशाला जा, मला आधी बंद करा, माझं तोंड खाली ठेवा. तोंडाने फुंकू नका, दाबला की हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने हवा मारा. तरीही डाग दिसलाच, तर हात उगारण्याआधी एक फोटो भिंतीचा काढून बघा. माझा कण पुढे कारागिराने चुटकीसरशी पुसला. अरविंदला मात्र बॅट लागलेल्या बाजूने अजून भाकरी चावता येत नाही.