मोठ्या जुडीची वाट

मी एक जुनी काथवट आहे. तुमच्या घरच्या काथवटीसारखा पिठाशी माझा कधी संबंध आला नाही. मला चार बुटके पाय आहेत, आणि माझ्यात यांगोना कालवतात. मिरीच्या भाऊबंदातल्या एका झाडाची मुळं कुटून, फडक्यातून पिळून काढलेलं हे गढूळ पाणी. त्याने जीभ बधिर होते. तरी माणसं बोलायची थांबत नाहीत.

काबारा बेटावरच्या एका म्हाताऱ्याने मला अखंड ओंडक्यातून कोरलं. सुवाच्या बाजारात तिघांनी मिळून मला घेतलं: तानिएला, ओसेआ आणि मेली. तिघे बंदरावर हमाली करत, तानिएलाच्या आईच्या हातचं जेवत आणि एकमेकांचे सदरे न विचारता घालत. संध्याकाळी चटईवर माझ्याभोवती बसत. मेली करवंटी बुडवून विचारायचा, "भरती की ओहोटी?" म्हणजे काठोकाठ की अर्धी.

"भरती!" ओसेआ म्हणायचा.

"काल भरती घेऊन इथेच घोरलास. तुला आज ओहोटीच!"

एक टाळी, एका दमात करवंटी रिकामी, मग तीन टाळ्या. माझ्या पोटाला निळसर झिलई चढली. येणारा-जाणारा वाखाणायचा आणि मला वाटायचं, हे असंच चालणार.

लग्नं झाली. ओसेआ कांदावू बेटावर शेती करायला गेला. मी तानिएलाच्या घरी राहिले.

मग तानिएलाची आई वारली. अशा वेळी आमच्याकडे यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन जायचं आणि मांडी घालून चार शब्द बोलायचे. ओसेआची बोट वादळात अडकली, त्याचं जाणं हुकलं. तेवढं कोणीही पोटात घातलं असतं. पण त्याला वाटलं, उशिरा जायचं तर जुडी मोठी हवी. वर्ष उलटल्यावर आणखी मोठी हवी. शेवटी त्याने त्यासाठी एक झाडच राखून ठेवलं.

मेली त्याला आणायला गेला आणि एकटाच परत आला. "झाड दाखवतो मला! म्हटलं, अरे शहाण्या, तानिएलाला झाड नकोय, तुझं थोबाड हवंय. आता तू तरी जा, तानिएला."

"मी का जाऊ? आई माझी गेलीय. त्याने यायचं."

दोघांचाही हिशेब चोख होता. त्यात फक्त दिवस धरायचे राहिले.

पुढच्या वर्षी मेलीच वारला. तेव्हाही ओसेआ आला नाही. आता दोन जुड्या लागणार होत्या. माझ्यात पाणी घालणारं कोणी उरलं नाही. तानिएलाच्या बायकोने, लिटियाने, माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. कोरडी पडून मी तळाशी तडकले.

अकराव्या वर्षी ओसेआ दारात उभा राहिला. केस पांढरे, पाठीवर माणसाएवढी जुडी. मांडी घालून त्याने रीतीचे शब्द सुरू केले आणि दुसऱ्याच वाक्याला अडकला.

तानिएला जुडीकडे बघत राहिला. "एवढं पिणार कोण रे आता? मेली?"

ओसेआ रडला. लिटियाने मला पुसून पाणी ओतलं. ते सगळं चटईवर गेलं. मग कपडे भिजवायच्या निळ्या टबात यांगोना कालवली. मला शेजारी ठेवलं.

"भरती की ओहोटी?" ओसेआने विचारलं. त्याला मेलीचा सूर जमला नाही.

"ओहोटी," तानिएला म्हणाला. "डॉक्टरांनी बंदी घातलीय. कोपऱ्यावरच्या दुकानातली पुडी आणली असतीस तरी चाललं असतं. काही आणलं नसतंस तरी."

मित्रांनो, घरात काथवट असेल तर तिला वापरत राहा. आणि कोणाकडे जायचं राहून गेलं असेल, तर हात हलवत जा, पण जा. ओसेआची ती जुडी अजून माझ्याशेजारी कोपऱ्यात उभी आहे. दोघांना ती संपत नाही.