नानांच्या मांडीवर मावलेला ठेका

ज्याच्या हातात ठेका त्याच्या हातात जग, असं आमच्या पिंप्राळ्याचे भिकानाना चाळीस वर्षं सांगत आलेत. गेल्या महिन्यात हेच सांगताना त्यांच्या हातात चहाची बशी होती आणि दुखऱ्या खांद्यामुळे ती तोंडापर्यंत पोचली नाही. चहा माझ्या पँटीवर सांडला. जग बहुधा वाचलं.

नाना भीमगीतांच्या मंडळात ढोलकी वाजवतात. डॉक्टरांनी ढोलकी बंद केली; बोटं चालवा, हात झोडू नका म्हणाले. रविवारी धुळ्याला देवपुरात कार्यक्रम. नाना मूळचे तिकडचेच, म्हणजे बघायला सगळी भावकी येणार. मंडळाचा म्होरक्या समाधान हा नानांचाच शिष्य, त्यामुळे तो फार आदराने बोलला. नाना, तुम्ही कोरसात बसून टाळ्या द्या, म्हणाला.

तेव्हापासून नाना एका जागी टिकेनात, बसले तरी पाय हलतच. आणि बोटं तर त्यांच्याही पुढे. ताट, दाराची कडी, रिक्षावाल्याची सीट, माझी पाठ, सगळीकडे ठेका. त्यांच्या मंडळी, मंदाबाई, परात लपवून ठेवू लागल्या. शेवटी नात मृणालीने तोड काढली. रबरी चौकोनांची एक पाटी मिळते, तिला लॅपटॉप जोडायचा. चौकोनावर बोट मारलं की लॅपटॉपमधून ढोलकी वाजते. आवाज नानांच्याच ढोलकीचे, तिने जुन्या कार्यक्रमांतून काढून ठेवलेले.

शनिवारी नाना, मृणाली आणि मी असे तिघं जळगावातल्या दुकानात. दुकानदाराने सोळा चौकोनांची पाटी काढली. नाना सरळ फरशीवर बसले, मांडी घातली आणि पाटी मांडीवर ठेवली. ती दोन्हीकडून बाहेर.

"हिचं एस्टीत वेगळं तिकीट काढावं लागेल," नाना म्हणाले.

मग आठ चौकोनांच्या दोन छोट्या पाट्या आल्या, डब्याच्या झाकणाएवढ्या. नानांनी विचारलं, हे लावायचं कसं? ढोलकी लावायची म्हणजे दोऱ्या ताणून सुरात आणायची. दुकानदार म्हणाला, वायरीने. नाना बराच वेळ वायर ताणून कान लावत होते. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो.

मृणालीने लॅपटॉप जोडला. दोन्हींतल्या पहिल्या पाटीत रंगीत दिवे होते. नानांनी हळू बोट टेकवलं, मग जोरात मारलं. आवाज दोन्ही वेळा तेवढाच. मला हे ओळखीचं वाटलं; पालिकेत नळाची तक्रार विनवून सांगा की ओरडून, उत्तर असंच एका मापाचं येतं. नाना मात्र गंभीर होते.

"हाई बहिरी शे," ते म्हणाले. चिडले किंवा हरखले की ते खान्देशीवर येतात.

दुसरीला दिवे नव्हते. बोट टेकवलं तर ढोलकी कुजबुजली. मारलं तर काउंटरची काच थरथरली. नानांनी पुन्हा टेकवलं, पुन्हा मारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा पाय हलायचा थांबला.

"हाईच घेऊत. हिले लागस." मारलेलं हिला लागतं, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी देवपुरात समाधानने पाटीला हो म्हटलं, पण खबरदारी म्हणून दुसरा ढोलकीवाला शेजारी बसवला होता. गाणं उठलं, नानांनी चौकोनावर बोट मारलं, आणि काहीच वाजलं नाही. भावकी बघत होती. समाधानने दुसऱ्या ढोलकीवाल्याला मान हलवून खूण केली. त्याने हात उचलला.

"आजोबा, तुम्ही वायर ताणली का?" मागून मृणाली म्हणाली.

चाळीस वर्षांची सवय. वाजवण्याआधी नानांनी पाटी सुरात लावली होती, त्यात वायर लॅपटॉपमधून निघाली होती. मृणालीने ती खुपसली. पुढचा ठोका असा पडला की समाधान अर्धी ओळ विसरला. दुसऱ्या गाण्याला दुसरा ढोलकीवाला ढोलकी बाजूला ठेवून टाळ्या देत होता. समाधाननेच सांगितलं त्याला, फार आदराने.

कार्यक्रम संपला तसे पहिल्या रांगेतले पुनाआबा काठी टेकत थेट मंचावर आले. नानांचे लहानपणचे सोबती. नानांनी सदरा नीट केला. आबा पाटीजवळ वाकले, चौकोन सोडून वायर बोटाने चाचपली, आणि मग मान वर केली.

"नाना, हाई वायर मना मोबाईलले लागी का? चार्जिंग पाच टक्काच शे."