ताईची डावी बाजू

माझी ताई यंदा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात सगळ्यात जास्त गुण करणारी खेळाडू आहे. हे मी रोज कुणाला ना कुणाला सांगतेच. वर्गशिक्षिका बाईंना सांगून झालंय, दूधवाल्याला दोनदा सांगून झालंय. पण ती अशी कशी झाली हे सांगायचं तर आधी माझा एक गाढवपणा सांगावा लागतो, आणि तो मी हल्ली न लाजता सांगते.

ताईच्या संघाला कोच मॅडम एकट्याच, हाताखाली कुणी नाही. म्हणून ताई पहिल्या वर्षाला असताना त्यांनी मला, म्हणजे तेव्हाच्या आठवीतल्या शेंबडीला, स्वतःशेजारी बाकावर बसवलं आणि हातात फळी, कागद आणि पेन्सिल दिली. कागदावर अर्ध्या कोर्टाचं चित्र, वरच्या टोकाला रिंग. ताईनं जिथून शॉट मारला तिथे खूण करायची. आत गेला तर टिंब, हुकला तर फुली. एवढंच काम, पण मी ते अशा तोऱ्यात करायचे की आई म्हणायची, खेळतेय कोण, ही का ती?

दोन वर्षांत कॉलेजच्याच कोर्टवर एकतीस सामने झाले. मॅडम दर सामन्यानंतर कागद बघायच्या आणि खूश व्हायच्या. टिंबं रिंगच्या डावीकडे जेवढी तेवढीच उजवीकडे. पोरगी दोन्ही बाजूंनी मारते, हिच्यावर वेगळी मेहनत नको, असं म्हणून त्या बाकीच्या मुलींकडे वळायच्या. मैदानावर एका वेळी दहा जणी पळत असतात, त्यातल्या एकटीकडे त्या कितीशा बघणार? ताईसाठी कागद होताच.

मग दुसऱ्या वर्षीचा उपांत्य सामना आला. समोरच्या संघात एक उंचच उंच मुलगी होती, आम्ही तिचं नाव खांब ठेवलं होतं. हा खांब पहिल्या पाच मिनिटांतच ताईच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला तो हललाच नाही. ताईला काही सुचेना. चेंडू हातात आला की निखारा असल्यासारखा दुसरीकडे देऊन टाकायची. तिचे एकूण गुण चार. आम्ही हरलो.

सामन्यानंतर मॅडम तिच्याशेजारी बसल्या. रागावल्या नाहीत, उलट मायेनंच बोलल्या. पण बोलल्या ते असं: "कागदावर तुझ्यात काही कमी नाही. म्हणजे जे कमी आहे ते मनात आहे."

ते वाक्य ताईच्या अंगात काट्यासारखं रुतलं. घरी आल्यावर तिनं बूट कपाटाच्या वर टाकून दिले. दहा दिवस धड जेवली नाही, माझ्याशी भांडलीसुद्धा नाही, म्हणजे बघा. पुढच्या वर्षीच्या संघासाठी सोमवारी नावं द्यायची होती. शनिवारी सकाळी तिनं आईला सांगून टाकलं की ती नाव देणार नाही. मोठ्या सामन्यात आपले हातपाय गळतात, आपल्यापायी बाकीच्यांचं नुकसान कशाला, असं तिचं म्हणणं. आई शिवणयंत्रावर होती. तिनं सोमवारपर्यंत थांब एवढंच म्हटलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं, पण शिवण वाकडी गेली.

मला वाटलं, हिला हिचीच कमाल दाखवावी. एकतीसच्या एकतीस कागद एका कोऱ्या वहीत सुबक उतरवायला घेतले. समासात मी बारीक अक्षरांत शेरे लिहून ठेवायचे, जागा नीट लक्षात राहावी म्हणून. त्यातले दोन शेरे पुन्हापुन्हा यायला लागले: उजव्या खुणांशी घड्याळाखालून, डाव्या खुणांशी बाकाजवळून. आमच्या बाकासमोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे. आणि माझ्या प्रत्येक कागदावर घड्याळाची बाजू म्हणजे उजवी बाजू. सामन्याच्या सुरुवातीलाही आणि शेवटीही.

माझा हात थांबला. मध्यंतरानंतर संघ रिंग बदलतात. आधी डाव्या टोकाच्या रिंगवर मारत असतील तर नंतर उजव्या टोकाच्या.

मी उठले, रिंग म्हणून बादली खोलीच्या एका टोकाला ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून उभी राहिले. घड्याळाची समजून धरलेली भिंत उजव्या हाताला. मग बादली दुसऱ्या टोकाला नेली, वळले. तीच भिंत डाव्या हाताला. चारदा नेली, चारदा वळले. आईनं यंत्र थांबवून विचारलं की बादलीशी तुझं काय भांडण झालंय.

मध्यंतरानंतरच्या सगळ्या खुणा मी उलट्या मांडल्या होत्या. दोन वर्षं. एकतीस सामने. ताई फक्त उजवीकडून मारत होती, आणि माझ्या पेन्सिलीनं तिचे निम्मे शॉट उचलून डावीकडे नेऊन ठेवले होते. खांबाला जे पाच मिनिटांत कळलं ते आम्हा तिघींना कळलं नव्हतं. खुणा सुलट्या केल्यावर डावीकडे उरले दोन वर्षांतले सहा शॉट. त्यांतला आत गेलेला एक.

खरं सांगते, कागद फाडून टाकावेत असंही मनात आलं. कुणाला कळणार होतं? पण ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती आणि तिची पाठ इतकी वाकलेली दिसत होती की मी कागद घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं ओकले.

तिनं एकेक कागद उलटून बघितला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"म्हणजे मी घाबरट नाहीये?" तिनं विचारलं.

"नाही गं ताई. तुला डावीकडून येतच नाही."

त्यावर ती जी हसत सुटली ती कठड्याला टेकून खालीच बसली. "मला काहीतरी येत नाही हे ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं," ती म्हणाली, आणि मग हसता हसता रडायला लागली, आणि मग मीही.

सोमवारी फळी आणि कागद पुढ्यात ठेवून मॅडमना मीच सांगितलं. बोलताना ताईचा हात पाठीवर होता. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही. त्या माझ्याशी नाही, ताईशी बोलल्या. "ही लहान पोर होती. कोच मी आहे. मी कागद बघत बसले, तुला बघितलंच नाही. मला माफ कर." कुठल्या मोठ्या माणसानं असं सरळ माफी मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. मग त्यांनी मला फळी परत दिली. मला वाटलं होतं, ती कायमची गेली.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे नुसती धमाल. ताई डाव्या हातानं जेवायची, डाव्या हातानं दात घासायची, आरशावर पेस्टचे शिंतोडे. रोज पहाटे शाळेआधी मी तिच्याबरोबर कोर्टवर, चेंडू उचलून द्यायला. पहिल्या आठवड्यात डावीकडचे चेंडू रिंगला सोडून सगळ्याला लागले. एक तर पहारेकऱ्याच्या खोलीच्या छपरावर जाऊन बसला आणि तो काका शिडी आणताना आम्हाला काय काय बोलला ते इथे लिहिता येणार नाही. मॅडम कागद न घेता यायच्या, फक्त तिचे पाय बघायच्या. आत घुसून मारायचं, मधेच थांबून मारायचं, दोघी अंगावर आल्या की मोकळ्या मैत्रिणीला चेंडू द्यायचा, हे सगळं हळूहळू आलं. घाईनं काहीच आलं नाही.

आणि यंदाचा उपांत्य सामना परत खांबाच्याच संघाशी. खांब येऊन उभा राहिला, उजवीकडे. ताई डावीकडून गेली. हुकला. परत गेली. परत हुकला. मी दोन फुल्या मारल्या. मला वाटलं, आता ही चेंडू टाकून देणार. तिसऱ्यांदा चेंडू हातात आला तेव्हा ती क्षणभरसुद्धा थांबली नाही. डावीकडूनच गेली, आणि आत. मग खांब डावीकडे सरकला, तर ही उजवीकडून. मग दोघी आल्या, तर हिचा पास. चोवीस गुण, सात पास, आणि आम्ही जिंकलो.

नंतर ती गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. मॅडमनी विचारलं, दोन हुकल्यावर तिसरा तिथूनच मारायला भीती नाही वाटली का?

"वाटली ना," ताई म्हणाली. "पण ते शॉट हातामुळे हुकले होते, मॅडम. हाताला शिकवता येतं."

मॅडमनी तिच्या हातातला बर्फ घेतला आणि स्वतः तिच्या गुडघ्यावर धरून बसल्या.