दोन कॉलेजं आणि एक नारळ

मुंबईचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज मी पाहिलेलं नव्हतं, तेव्हा ते मला फार चांगलं माहीत होतं. काळ्या दगडाची इमारत, उंच कमानी, लांबच लांब व्हरांडा, आणि त्या व्हरांड्यात कोणीतरी माझं नाव पुकारतंय. ही इमारत मी आमच्या कारखान्यात बसून बांधली होती, गणपतींच्या मुकुटांना सोनेरी रंग लावता लावता. पेणमध्ये मूर्ती घडवण्याच्या जागेला कारखाना म्हणतात, मग ती घरामागची पडवी का असेना. आमची पडवीच होती. ओल्या शाडूचा थंड वास, छपरावर पावसाची एकसुरी टपटप, समोर अजून डोळे न उघडलेल्या मूर्तींच्या रांगा. अशा जागी माणसाला जागेपणी स्वप्नं पडली तर त्यात त्याचा काय दोष?

दुसरं कॉलेज पनवेलच्या पलीकडे होतं. खाजगी, नवं कोरं. त्याचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदाचं, त्यावर हिरवळ आणि काचेच्या खिडक्या. तेही माझ्या स्वप्नात यायचं, पण तिथे मी हिरवळीवरून चालत असले की मागून कोणीतरी हमखास विचारायचं, डोनेशन किती दिलं? आणि माझी तंद्री मोडायची.

खरं तर पहिल्या फेरीत मला तिथे जागा मिळाली होती ती मार्कांवर. फ्री सीट म्हणायचे तिला, म्हणजे फी सरकारी कॉलेजाइतकीच आणि डोनेशनचं नाव नाही. पण हे समजावून सांगायला समोरचा माणूस तेवढा वेळ थांबायला हवा ना. आमच्या आळीतली माणसं खाजगी हा शब्द ऐकला की डोळा मारून पुढे जायची. बारावीचं वर्षभर मी या मूर्तींमध्ये बसून अभ्यास केला होता. एका शब्दापायी तो सगळा अभ्यास बाबांच्या पैशाच्या खाती जमा व्हायचा, याचा मला मनस्वी संताप होता. बाबांकडे पैसा नव्हता हा आणखी एक विनोद.

चौऱ्याण्णव सालच्या त्या जुलैमध्ये बाबा मला घेऊन रोह्याला गेले, महिपतीकाकांचा सल्ला घ्यायला. काका बाबांचे धाकटे भाऊ. रोह्याला लागून असलेल्या वरशाला राहायचे आणि धाटावच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्टला जायचे, म्हणून शिक्षण, नोकरी आणि मोठी माणसं या विषयांत त्यांचा शब्द शेवटचा. पॅसेंजर कासू स्टेशनात बराच वेळ उभी राहिली. दोन्ही बाजूंनी पाणी भरलेली भातखाचरं, त्यात आभाळ, आणि मला वाटत होतं आपण गाडीत नाही, कुठल्यातरी व्हरांड्यातच बसलोय.

काकांनी चहा होईपर्यंत दोन्ही कॉलेजांची वजनं करून टाकली. त्यांच्या प्लांटमध्ये सरकारी कॉलेजातून आलेला साहेब होता. त्याचा शर्ट चुरगळलेला असायचा, पण मीटिंगमध्ये तो बोलायला लागला की बाकीचे गप्प. खाजगी कॉलेजातून आलेला साहेब रुबाबदार, इंग्रजी फाडफाड, कामालाही वाईट नाही. पण त्याच्या मागे लोक म्हणायचे, बापाने घेऊन दिलेली डिग्री. काकांचं गणित सरळ होतं. सरकारीत शिरायला हजारो पोरं धडका मारतात आणि मूठभर आत जातात. जे दार जास्त माणसं परत पाठवतं ते मोठं.

बाबा बशीतला चहा फुंकत ऐकत होते. मग म्हणाले, "ज्या दारातनं येवढी माणसं परत जातात, ते मोठं कसं रं? आपण कुणाचा पाट परत धाडलाय कधी?"

हे पाटाचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडे गिऱ्हाईक आपल्या घरचा पाट कारखान्यात आणून ठेवतं, आणि त्याची मूर्ती त्याच पाटावर घडते. एकदा पाट ठेवला की ते घर त्या कारागिराचं, पिढ्यान्‌पिढ्या. कारागीर बदलायचाच झाला तर घरच्या कर्त्याने नारळ घेऊन समोर यायचं, तोंडाने सांगायचं, आणि मग पाट उचलायचा. गुपचूप पाट उचलून नेणाऱ्याचं नाव बाबा पुन्हा घेत नसत. आणि त्यांच्या लेखी खाजगी कॉलेजात माझा पाट ठेवून झाला होता. तिथल्या कारकुनाने माझे मूळ दाखले ठेवून घेतले तेव्हाच.

ऑगस्टमध्ये तार आली. सरकारी कॉलेजात कोणाची तरी जागा सुटली होती आणि ती मला मिळत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मूळ दाखले घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्याला. मी तार हातात धरून मूर्तींच्या रांगांमधून नुसतीच फिरत राहिले. मला इतका आनंद झाला होता की तो कोणाला सांगायचीही घाई वाटत नव्हती. आई म्हणाली, आधी हात धू, तारेला सोनेरी लागतंय.

कारखान्यात कामाची ऐन घाई होती, डोळ्यांची आखणी सुरू होती आणि ती बाबांशिवाय कोणी करत नसे. तरी ते पहाटे आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून तयार झाले. पिशवीत नारळ होता. मला वाटलं, मुंबईच्या कॉलेजात फोडायला घेतला असेल. आम्ही एस.टी.ने पनवेल गाठलं, तिथून रिक्षाने खाजगी कॉलेज. खिडकीतल्या कारकुनाने प्रवेश रद्द करायचा अर्ज घेतला, शिक्का मारला आणि दाखले परत दिले. इतकं सोपं होतं ते. मी पिशवी उचलली.

बाबा म्हणाले, प्रिन्सिपल साहेबांना भेटायचंय.

साहेब युनिव्हर्सिटीत गेले होते, दुपारनंतर येणार होते. कारकुनाने सांगून पाहिलं, भेटायची काही गरज नाही, पोरं रोज येतात नि दाखले घेऊन जातात. बाबा बाकावर बसले. मी आधी हळू समजावलं, मग चढ्या आवाजात, मग रडकुंडीला येऊन. पाच वाजता मुंबईची खिडकी बंद होईल, हे मी किती वेळा म्हटलं कोण जाणे. त्यांनी नारळ मांडीवर घेतला.

"पाट उचलताना कारागिराला तोंड दाखवायचं नाय, गो? तुला पयली हाक यांनी मारली. तुला कोण वळखत नव्हतं तवा."

मी उठून फाटकापर्यंत गेले. दाखले माझ्याकडे होते, बसचे पैसेही होते. मुंबईची गाडी समोर येऊन थांबलीसुद्धा, कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी एकटी कधी पनवेलच्या पुढे गेले नव्हते, पण खरं कारण ते नव्हतं. मागे वळून पाहिलं तर बाबा त्या काचेच्या भल्यामोठ्या दालनात ताठ बसले होते आणि येणारी-जाणारी पोरं त्यांच्या मांडीवरच्या नारळाकडे बघून हसत होती. त्यांना तिथे तसं टाकून जाणं मला जमेना. गाडी गेली. मी परत येऊन त्यांच्या शेजारी बसले, थोडं अंतर ठेवून.

साहेब आले तेव्हा तीन वाजून गेले होते. पिकल्या केसांचा, थकलेला माणूस. बाबांनी उभं राहून सांगितलं की पोरीला मुंबईला जागा मिळाली आहे, तुमची परवानगी असली तर नेतो, राग मानू नका. साहेबांना आधी काही उमजेना. मग ते खुर्चीवरून उठले आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला.

"इथून पोरं दुसरीकडे जातात, दरवर्षी," ते म्हणाले. "सांगून कोणी गेलं नव्हतं."

त्यांनी कारकुनाला बोलावून सांगितलं, हिची जागा उद्या दुपारपर्यंत कोणाला देऊ नका. बाबांचा चेहरा उजळला. मला त्या उजळलेल्या चेहऱ्याचाही राग आला.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला मला आवडत नाही. खाडीच्या पुलावर गाडी अडकली. आम्ही सरकारी कॉलेजात पोचलो तेव्हा खिडकी बंद झाली होती आणि माझी जागा यादीतल्या पुढच्या मुलाला देऊन झाली होती. आतला माणूस वाईट नव्हता, त्याने तारेवरची वेळ बोट ठेवून दाखवली. बाबा त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

बाहेर व्हरांडा होता. काळा दगड, उंच कमानी, लांबच लांब. मी पेणला बसून बांधला होता तसाच, फक्त दगड इतक्या वर्षांच्या पावसाळ्यांनी जास्त काळा झालेला. ऊन उतरत होतं आणि कमानींच्या सावल्या फरशीवर एकापुढे एक पसरल्या होत्या. आत कुठेतरी कोणीतरी मोठ्याने हसलं. मला एक क्षण खरंच कळेना की जे घडलं ते स्वप्न की हे समोरचं. पायरीवर बसले तर दगड कोमट लागला, तेव्हा कळलं. मग मी रडले. बाबांवर मला इतका राग होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि ते चपला पायरीखाली काढून, देवळात बसावं तसे माझ्या बाजूला बसले होते.

बगलेत ड्रॉइंग बोर्ड धरलेली एक मुलगी पायऱ्या उतरत होती. माझा चेहरा बघून ती थांबली. घरची आठवण येऊन रडतेय असं तिला वाटलं असणार.

"नवीन का? फर्स्ट इयर?"

मी नाही म्हणायला मान हलवणार होते.

"व्हय," बाबा म्हणाले. "कालच जागा मिळाली. मार्कावर मिळाली, पैशे नाय दिले."

मुलगी हसली, म्हणाली इथे कोणीच देत नाही, आणि सुरुवातीला सगळ्यांनाच रडू येतं, होईल सवय. मला हॉस्टेलचा रस्ता कुठे ते दाखवून ती निघून गेली. मी बाबांकडे पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. माझ्या माहितीत ते कोणाशी खोटं बोललेले नव्हते, गिऱ्हाइकाशीही नाही.

व्हरांड्यातले दिवे लागले. मी डोळे पुसून म्हटलं, चला, शेवटची गाडी चुकेल.

ते उठले नाहीत.

"उद्या जाऊ पनवेलला, तुझ्या कॉलेजात," ते म्हणाले. "आज हितंच बस जरा."