पाचव्या रहस्याचा मान

ऑक्टोबर लागला की वटार गावातल्या एका ख्रिस्ती आळीत पवित्र मातेची, येशूच्या आईची, मूर्ती घरोघर फिरते. आज या घरी, उद्या शेजारी. जिथे माता, तिथे सगळी आळी जमते, मण्यांच्या माळेवर रोझरीची प्रार्थना म्हणते आणि मग उकडलेले चणे खात तासभर गावच्या उखाळ्यापाखाळ्या काढते. एलिनाच्या घरी माता सोमवारी यायची होती. उभा जन्म चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या एलिनाला यंदा ती यावी की न यावी, हेच कळेनासं झालं होतं.

कारण होता स्टॅनी, तिचा एकुलता एक मुलगा. तो आचोळ्याला राहायचा. आचोळे काही परदेश नव्हे, पण बापाच्या दफनानंतर त्याने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

एलिनाच्या नवऱ्याच्या, आलोशियसच्या, किडन्या गेल्या तेव्हा बापाला डायलिसिसला नेणं-आणणं स्टॅनीनेच केलं. नोकरी सांभाळून केलं, कुरकुर न करता केलं. अशा दमलेल्या माणसाला कुणी आशा दाखवली तर तो मागेपुढे बघत नाही. स्टॅनी मूर्ती आणि मातेची प्रार्थना न मानणाऱ्या एका नव्या प्रार्थना-मंडळात जाऊ लागला, आणि तिथल्या प्रवचनकाराने सांगितलं, घरातल्या मूर्ती बाहेर काढा, बाप खडखडीत बरा होईल. स्टॅनीने आईची विनवणी केली. "देव असा सौदा करत नाही रे," एवढंच एलिना म्हणाली. एकही मूर्ती जागची हलली नाही आणि आलोशियस गेला. दफनभूमीतून माणसं पांगायच्या आत स्टॅनी आईला म्हणाला, "तू हट्ट सोडला असतास, तर डॅडी आज असते."

तेव्हापासून एलिना रोज दोन माणसं जेवतील एवढा भात टाकायची आणि अर्धा कोंबड्यांना घालायची. मुलाचा राग यायचा, आणि त्याहून जास्त आठवण यायची. रिक्षा दारावरून गेली की हातातलं काम थांबायचं.

शनिवारी तिने मन घट्ट करून फोन लावला. "सोमवारी आपल्याकडे माता येतेय. तू ये."

"मूर्ती घरात असेल तर नाही येणार, मम्मी," स्टॅनी म्हणाला. "ती आग्नेसमावशीकडे पाठव. मी त्याच संध्याकाळी येतो. जेवायलाच येतो."

जेवायला येतो म्हटल्याबरोबर एलिनाने मनातल्या मनात बोंबील साफसुद्धा करून ठेवले. 'उद्या सांगते' म्हणून तिने फोन ठेवला.

शेजारच्या आग्नेसला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मंग पाठव माज्याकडं. माता काय रागावनार नाय. तिलाबी पोरगाच होता."

हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच एलिनाला रात्री डोळा लागेना. मूर्ती प्लास्टरची, हे तिनेच तर मुलांना शिकवलं होतं. आपण पूजा देवाची करतो, प्लास्टरची नाही. मग त्या प्लास्टरपायी पोटचा पोर का घालवायचा? पण मूर्ती पाठवली, तर स्टॅनीचं म्हणणं खरं ठरणार होतं. एका मूर्तीसाठी भल्या माणसाचा जीव घेणारा देव त्याच्या उरावर कायमचा बसणार होता. असल्या देवाच्या हवाली मुलाला करायचं, आणि वर त्याला बोंबील वाढायचे? ते तिला जमणार नव्हतं. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायच्या आधी तिने परत फोन केला. "माता इथेच येईल, बाबा. तूही ये. दोघांना जागा आहे." स्टॅनीने फोन ठेवला.

सोमवारी आळी जमली. रोझरीची पाच रहस्यं, म्हणजे येशू आणि मातेच्या आयुष्यातले प्रसंग, घरच्या माणसांनी सांगायची, आणि पाचव्याचा मान घरच्या पुरुषाचा, अशी तिथली रीत. घरात एकटी एलिनाच, म्हणून तिनेच सुरुवात केली. प्रत्येक रहस्याला आधी एकदा 'आमच्या बापा' ही येशूने शिकवलेली देवाची प्रार्थना, मग दहा वेळा 'नमो मरिये' ही मातेची. अर्धी प्रार्थना सांगणाऱ्याने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी.

दुसऱ्या रहस्याच्या 'आमच्या बापा'ला दाराबाहेरच्या ओट्यावरून एक आवाज मिसळला. सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे धावणारा. लहानपणी त्याची ही घाई मोडता मोडता एलिना थकली होती. बाहेर अंधार होता, तिला काही दिसलं नाही, पण तिला दिसायची गरजही नव्हती.

'नमो मरिये' सुरू झालं आणि आवाज थांबला. तिसऱ्या रहस्याला परत 'आमच्या बापा', परत तो आवाज, परत गप्प. एलिनाच्या लक्षात आलं की ती मणी भराभर ओढतेय. जी प्रार्थना तिने जन्मभर जिवापाड जपली, ती आज तिला मुलाच्या आवाजाच्या आड येणारी दहा मण्यांची भिंत वाटत होती. मातेची तिने मनोमन माफी मागितली, आणि तरीही घाई केलीच.

"पाचवं रहस्य," ती म्हणाली, "हरवलेला येशू आईला मंदिरात सापडतो." आणि ती थांबली. 'आमच्या बापा' तिने सुरू केलंच नाही.

खोलीत चुळबुळ झाली. एलिना विसरली असं वाटून आग्नेसने तोंड उघडलं, तर एलिनाने तिचा हात दाबून धरला. सगळ्यांच्या माना हळूहळू दाराकडे वळल्या.

मग ओट्यावरून स्टॅनीने 'आमच्या बापा' सुरू केलं आणि आपला अर्धा भाग पुरा केला.

उरलेला अर्धा आता एलिनाने सगळ्यांबरोबर म्हणायचा होता. रोजची भाकर तिने मागितली. पुढे क्षमेची ओळ आली, 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला क्षमा कर', आणि ती थांबली. रोज ही ओळ ती न चुकता म्हणत आली होती आणि स्टॅनीला तिने एकदाही क्षमा केली नव्हती. वाट पाहिली होती, रडली होती, भात टाकला होता. क्षमा तेवढी केली नव्हती. आळी तिच्यासाठी थांबली. ती ओळ एलिनाने एकटीने म्हटली, सावकाश, ओट्यापर्यंत नीट ऐकू जाईल अशी.