अंड्यांची जागा

मळवलीत आमच्या आळीत फ्रिज फक्त आमच्याकडे, म्हणून शेजारच्या बाजीरावभाऊंचं इन्सुलिन आमच्याच फ्रिजच्या दारात असायचं. रोज सकाळी ते यायचे, सुई टोचून घ्यायचे, आमचेच पोहे खायचे आणि मग माझ्या सासऱ्यांशी, म्हणजे आबांशी, तासभर भांडायचे. "तुज्या बाटलीपायी माज्या अंड्यांना जागा न्हाई," हे आबांचं रोजचं गाऱ्हाणं.

परवा डॉक्टरांनी भाऊंचं इन्सुलिन बंद करून गोळ्या सुरू केल्या. ऐकून आबांनी हात जोडले. "सुटलो एकदाचा!"

दुसऱ्या दिवशी भाऊ आले नाहीत. आबांनी चहा निवू दिला, माझ्या पोह्यांना नावं ठेवली आणि उगाच फाटकापाशी चकरा मारल्या. शेवटी म्हणाले, "रंजना, त्या येड्याला सांग, गोळ्या बी फ्रिजात ठिवाव्या लागत्यात. उन्हानं इरगळत्यात."

"आबा, बाहेर दात वाजतायत थंडीनं!"

"तू डाक्टर हायेस का?"

मी चडफडत निघाले, तर फाटकात बाजीरावभाऊच उभे. डोक्याला कानटोपी, हातात गोळ्यांचं पाकीट. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हितंच ठिव बाई. आमच्या घरात लय उकडतंय."

मी पाकीट घेतलं आणि फ्रिज उघडला. अंडी अजून ओट्यावरच होती. दारातली बाटलीची जागा आबांनी पुसून मोकळी ठेवली होती.